आलाच बघा

टकळी हे तिचं खरं नाव नव्हतं. लहानपणी तिचं तोंड घटकाभर बंद राहायचं नाही, म्हणून वडिलांनी ते ठेवलं, आणि ते असं चिकटलं की लग्नानंतर नवऱ्यानेही तेच उचललं. दुकानात मीठ आणायला गेली, की दुकानदाराच्या गुडघेदुखीची अख्खी कहाणी घेऊन परतायची आणि मीठ तिथेच विसरायची. "हिची जीभ भाड्याने दिली तर घर चालेल," असं वडील म्हणायचे. तेव्हा सगळे हसायचे. पुढे खरंच तसं झालं, तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नाही.

तिचा नवरा रंगारी. एका उंच इमारतीची बाहेरची भिंत रंगवताना तो पायाडावरून घसरला, मणका दुखावला आणि फळीच्या पलंगावर आडवा झाला. घरात सासूबाई होत्या, पहिलीतली मुलगी होती, आणि कमावते हात आता एकटीचेच. कुणीतरी सांगितलं, लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीच्या मदत केंद्रात बोलणारी माणसं हवी आहेत. ती गेली.

काम समजायला सोपं होतं. लिफ्ट मध्येच अडकली की आतला माणूस लाल बटण दाबतो. ते दाबलं की केंद्रातल्या एखाद्या टेबलावर दिवा लागतो. तिथला फोन उचलायचा आणि आतल्या माणसाशी बोलत राहायचं, इकडे दुरुस्तीवाल्याला पाठवायचं. केंद्राच्या प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणत. त्यांनी टकळीला चार वाक्यं बोलायला लावली आणि त्या खूश झाल्या. "अडकलेल्या माणसाला धीर लागतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या आवाजात माया आहे. कुठे शिकवून येत नाही ती."

एवढं बोलून त्यांनी तिच्या हातात पोथी ठेवली.

पोथी म्हणजे प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेले छापील कागद. त्यांना हे नाव तिथल्या बायकांनीच दिलं होतं. कंपनीचं मुख्य कार्यालय दूर कुठेतरी होतं, तिथे ही पोथी इंग्रजीत रचली गेली होती, आणि मग कुणीतरी तिचा एकेक शब्द उचलून मराठीत आणून ठेवला होता. फोन उचलला की म्हणायचं, "नमस्कार, मी आपल्याला कशा प्रकारे मदत करू शकते?" समोरचा घाबरला असेल तर, "आम्ही समजू शकतो की ही परिस्थिती आपल्यासाठी अस्वस्थ करणारी असू शकते." मग, "एक तंत्रज्ञ, जो पूर्णपणे प्रशिक्षित आहे, आपल्या ठिकाणाकडे पाठवला गेला आहे." आणि फोन ठेवण्याआधी, "आपल्या संयमाचे कौतुक केले जाते."

पहिल्या दिवशी टकळी पदर तोंडाशी धरून हसली. "कशा प्रकारे म्हणजे? लटकलेल्या माणसाला एकच प्रकार हवा असतो, दार उघडायचा!"

शेजारच्या टेबलावर एक वयस्कर बाई बसायची. तिला सगळ्याजणी मोठी म्हणत. ती म्हणाली, "हसून घे बाई. आधी डोकं दुखतं. मग सवय होते. मग घरचे सांगायला लागतात."

शब्द सगळे मराठीच होते. इंग्रजी शब्द शोधून सापडला नसता. पण चाल परकी होती. ओळखीच्या माणसाने दुसऱ्याचे बूट घालून यावं आणि दर पायरीला अडखळावं, तसं ते वाक्य कानाला लागायचं. आणि पोथीबाहेर जायची सोय नव्हती. प्रत्येक फोन ध्वनिमुद्रित व्हायचा, त्यातले काही निवडून कागदावर उतरवले जायचे, त्यांचं इंग्रजी व्हायचं आणि ते वर जायचं. वरच्यांना मराठी येत नव्हतं. ते इंग्रजी पोथीशी ताडून बघत, शेरे मारत, आणि शेऱ्यांचं पुन्हा मराठी होऊन खाली येई. पोथीतला शब्द गाळला की गुण कमी, पोथीबाहेरचा घातला की आणखी कमी. गुण फारच घसरले, तर दाराकडे बोट.

खोलीला खिडकी नव्हती. कानावरच्या हेडफोनच्या झिजक्या गाद्यांचा काळा भुगा गळून खांद्यावर पडायचा. टकळीने पोथी पाठ केली. बोलकी माणसं पाठांतरालाही पक्की असतात. बघता बघता तिचे गुण सगळ्यांत वर गेले.

मग घरचे सांगायला लागले.

एका सकाळी नवऱ्याला कूस बदलताना कळ आली. टकळी धावत गेली, त्याच्या पाठीखाली हात घातला आणि म्हणाली, "मी समजू शकते की तुला त्रास होत असेल."

नवरा तशा कळेतही तिच्याकडे बघत राहिला. "असेल काय गं? होतोय."

सासूबाईंनी पाणी मागितलं, तर हिच्या तोंडून निघालं, "एक क्षण थांबण्याची विनंती करू शकते का?" सासूबाई म्हणाल्या, "मी कुठं पळून चाललेय, सूनबाई?" त्या हसत होत्या, पण पाणी पिताना त्यांनी सुनेकडे दोनदा निरखून पाहिलं. आणि एक दिवस मुलीच्या हातून पेला कलंडला. टकळी स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा पोरगी सरळ उभी राहून म्हणत होती, "आई, माझ्याद्वारे दूध सांडलं गेलं आहे. गैरसोयीबद्दल खेद आहे."

सगळे खो खो हसले, टकळीसुद्धा. फडक्याने फरशी पुसता पुसता तिचं हसू विझलं. 'दूध सांडलं' एवढंच म्हणायचं असतं. त्यात कुणाचं नावही येत नाही आणि कुणी काही लपवतही नाही. ते पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. आपण मात्र तिला हे दुसरं शिकवलं.

एकदा कानाला ती ठेच कळायला लागल्यावर ती सगळीकडे लागायला लागली. शाळेच्या फाटकावर पाटी होती, 'पालकांना विनंती केली जाते की त्यांनी आत प्रवेश करू नये.' वर्गशिक्षिका म्हणाल्या, "तुमची मुलगी चांगलं करतेय." टकळीला विचारावंसं वाटलं, काय चांगलं करतेय? नवऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "दिवसाच्या शेवटी, आराम हेच औषध आहे." सासूबाईंनी काळजीने विचारलं, "आणि सकाळी काय द्यायचं?" डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. टकळीला कळला, आणि डॉक्टरांना 'शेवटी काय तर' एवढंच म्हणायचं होतं, हेही कळलं. दोन्ही कळणारी तिथे ती एकटीच होती, आणि त्याचा तिला अभिमान वाटला नाही. आपण कुठल्यातरी दोन दारांच्या मधल्या बोळात उभ्या आहोत असं वाटलं.

वडिलांचा फोन यायचा, तेव्हा ती पूर्वी तासभर बोलायची. आता थोडक्यात आटपायची. तोंड उघडलं की काय बाहेर येईल याची तिला धास्ती बसली होती.

असं चाललं असताना एका दुपारी तिच्या टेबलावरचा दिवा लागला.

"नमस्कार, मी आपल्याला कशा प्रकारे—"

"अहो, लिफ्ट थांबली! मधेच थांबली! अंधार आहे इथं!" म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. पूर्वी भरदार असावा, आता कापत होता.

पडद्यावर इमारतीचा पत्ता उमटला. टकळीने दुरुस्तीवाल्याला निरोप धाडला. तो गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होता.

"आम्ही समजू शकतो की ही परिस्थिती आपल्यासाठी अस्वस्थ करणारी असू शकते."

"कोण आम्ही? किती जण आहात तिथं? एकाला तरी पाठवा की!"

"एक तंत्रज्ञ, जो पूर्णपणे प्रशिक्षित आहे, आपल्या ठिकाणाकडे पाठवला गेला आहे."

"अहो बाई, ऐका. मी जन्मभर बस चालवली, घाबरणारा माणूस नाही मी. पण वर बायको एकटी आहे. तिला उठता येत नाही. गॅसवर पातेलं ठेवून मी औषधाची पुडी आणायला खाली उतरलो, म्हटलं हा गेलो नि हा आलो. आता मेलो! पातेलं करपेल, आग लागेल, तिची हाक दाराबाहेरसुद्धा जायची नाही."

टकळीने पोथीची पानं उलटली. गॅसवर ठेवलेल्या पातेल्याबद्दल तिच्यात काही नव्हतं. अशा वेळी वापरायचं म्हणून एकच वाक्य होतं, ते तिने वाचलं. "मी आपल्याला खात्री देऊ इच्छिते की आपली सुरक्षितता ही आमची पहिली प्राथमिकता आहे."

पलीकडे म्हातारा स्वतःशीच पुटपुटला, "हात्तिच्या! हे यंत्र आहे. मी मघापासून यंत्राशी बोलतोय."

आणि तो बोलायचा थांबला. टकळीच्या कानात आता फक्त त्याचा श्वास होता, आणि त्यामागे खरखर. धातूवर नखं घासल्यासारखी. मग एक धक्का, आणखी एक धक्का. तिला कळलं, तो दार फाकवतोय. केंद्रात कामाला लागताना त्यांना सगळ्यांना एक गोष्ट सांगितली होती: अडकलेली लिफ्ट कधीही हलू शकते, आणि अर्धवट उघडलेल्या दारात माणसाचं काय होतं ते बघवत नाही.

"आपणास विनंती केली जाते की—" तिने सुरुवात केली. खरखर चालूच राहिली. यंत्राचं कोण ऐकतो?

"काका!" टकळी ओरडली. खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. "काका, हात काढा आधी! हात काढा म्हणते ना! बोटं जातील! लिफ्ट हलली तर तुम्हीही जाल, आणि मग वर काकूंकडे कोण बघणार आहे?"

खरखर थांबली.

"अगं बाई," म्हातारा म्हणाला, "माणूस आहेस होय तू!"

"माणूसच आहे. आता मुकाट्याने खाली बसा. भिंतीला पाठ टेका. बसलात?"

"बसलो गं, बसलो."

"घर कितव्या मजल्यावर? किल्ली कुठंय?"

"पाचवा मजला, जिन्यालगतचं दार. किल्ली चौकटीवर, डाव्या कोपऱ्यात. पण वर जाणार कोण?"

टकळीने दुसरी लाइन उचलून त्या इमारतीच्या पहारेकऱ्याला गाठलं. तो आधी 'आमच्याकडे तशी पद्धत नाही' असं काहीतरी म्हणाला. "पद्धत खड्ड्यात घाला आणि वर पळा," टकळी म्हणाली, आणि तो पळाला. इकडे म्हातारा पुन्हा धापा टाकायला लागला होता. तिने त्याला बोलतं ठेवलं. बस कुठल्या रस्त्याने न्यायचात, काकू कशा भेटल्या, औषध कसलं आहे. काकू म्हणे त्याच्याच बसमध्ये रोज चढायच्या आणि सुटे पैसे नाहीत म्हणून वाहकाशी रोज भांडायच्या. "भांडण तिकडं चालायचं आणि लक्ष माझं आरशात," म्हातारा म्हणाला, आणि अंधारात हसला. दर थोड्या वेळाने तो विचारायचा, "आला का गं तुमचा माणूस?" आणि टकळी म्हणायची, "आलाच बघा काका. आलाच."

पहारेकऱ्याने निरोप दिला: गॅस बंद केला, पातेलं काळं झालंय, बाई ठीक आहेत, जरा घाबरल्यात. टकळीने ते म्हाताऱ्याला सांगितलं. पलीकडे त्याने नाक ओढल्याचा आवाज आला. दुरुस्तीवाला यायला पुष्कळ वेळ लागला. पण आला. दार उघडल्याचा आवाज तिने ऐकला, म्हाताऱ्याचं "हळू रे बाबा, गुडघे आहेत माझे" ऐकलं, आणि लाइन बंद झाली.

टकळीने कानावरचा हेडफोन काढला. मोठीने आपल्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. संध्याकाळी घरी जाताना टकळीला बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती. त्या दिवशी तिने सासूबाईंना सगळी हकिकत सांगितली, हातवारे करून, म्हाताऱ्याचा आवाज काढून. नवरा पलंगावरून म्हणाला, "आली बरं का, आमची टकळी परत आली."

तो फोन वर गेला. टकळीला मॅडमनी काचेच्या खोलीत बोलावलं. टेबलावर शेऱ्यांचा कागद होता. मॅडम तो वाचायच्या आधी दारापर्यंत गेल्या आणि ते नीट लावून आल्या.

"ग्राहकाला काका असे संबोधले गेले," त्या वाचू लागल्या. "ग्राहकाशी नातेसंबंध असल्यास तो आधी जाहीर करणे आवश्यक होते."

टकळीला हसू आलं. मॅडम हसल्या नाहीत.

"ग्राहकाला मौन पाळून बसण्याचा आदेश दिला गेला. बोटे जातील असे सांगितले गेले. ती कुठे जातील हे स्पष्ट केले गेले नाही. ग्राहकाने स्वतः मृत असल्याचे सांगितले, तरीही वैद्यकीय विभाग वाचला गेला नाही."

"अहो मॅडम, मेलो म्हणजे—"

"मला कळतं हो." मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "ग्राहकाच्या घराच्या किल्लीची जागा विचारली गेली, आणि ती तिसऱ्या व्यक्तीला सांगितली गेली. हे वाईट आहे. पण सगळ्यांत वाईट पुढचं आहे. तंत्रज्ञ पोहोचलेला आहे, असे ग्राहकाला पुन्हा पुन्हा सांगितले गेले, जेव्हा तो पोहोचलेला नव्हता. जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती."

"मी असं कधी म्हटलं?"

"आलाच बघा. तुम्ही म्हणालात."

"आलाच म्हणजे आला नाही, मॅडम. आलाच म्हणजे... येतोय. धीर धरा, येतोय. तुम्ही नाही का म्हणत कुणी हाक मारली की, आलेच म्हणून? जागेवरून हलायच्या आधी म्हणतो आपण."

"मी म्हणते. माझी आई म्हणते. सगळे म्हणतात." मॅडमनी कागदावर बोट ठेवलं. "हे वर कसं लिहू ते सांगा. इंग्रजीत कसं जाईल? 'आला याचा अर्थ आला असा होत नाही.' ते म्हणतील, बाई खोटं बोलते आणि वर कबूलही करते."

"मग त्यांना सांगा, मराठी तशी आहे."

"त्यांना वाटतं, मराठी म्हणजे पोथीत आहे ती."

काचेपलीकडे सगळ्या टेबलांवर ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. टकळीने दोन दिवस मागून घेतले आणि घरी बसून खुलासा लिहायला घेतला. वाटलं होतं, जीभ आहे तर लेखणीही चालेल. तिने लिहिलं, 'माझ्याद्वारे जे सांगितले गेले, ते ग्राहकाला धीर देण्याच्या उद्देशाने सांगितले गेले होते.' वाचलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, 'मी हे स्पष्ट करू इच्छिते की.' तेही खोडलं. नवऱ्याला म्हणाली, "तू सांग, कसं लिहू?" तो म्हणाला, "जसं मला सांगितलंस तसंच लिही." तिने तसं लिहून पाहिलं. कागदावर ते कुण्या अडाणी बाईने चहाड्या कराव्यात तसं दिसायला लागलं. आणि तेही वर जाताना इंग्रजी होऊनच जाणार होतं. कुठूनही निघा, वाट त्याच खोलीत येत होती. तिने सगळे कागद चुलीपाशी नेऊन ठेवले.

मॅडमकडे ती रिकाम्या हाताने गेली. मॅडमनी आधीच एक कागद तयार ठेवला होता. त्यांनी तो तिच्यापुढे सरकवला. 'चुकीची माहिती दिली गेली. नियमांचे पालन केले गेले नाही. याबद्दल खेद व्यक्त केला जातो.'

"यावर सही करा. नोकरी राहील. वरून तसं कबूल करून घेतलंय मी."

टकळीने तीनही वाक्यं वाचली. "चुकीची माहिती कुणी दिली?"

"तेच तर बरं आहे ना त्यात," मॅडम म्हणाल्या. "कुणीच नाही."

टकळीला डॉक्टर आठवले, नवऱ्याच्या पाठीला घ्यायचा पट्टा आठवला, सासूबाईंनी स्वतःचं औषध अर्धं करून घेतलंय हे आठवलं. तिने सही केली. सही करताना तिला जाणवलं की या वाक्यांत आपण कुठेच नाही, आणि तरीही खाली नाव आपलं आहे.

त्यानंतर काही आठवडे मॅडम रोज थोडा वेळ तिच्या शेजारी दुसरा हेडफोन कानाला लावून बसायच्या. वरचा हुकूम तसा होता. टकळीचे गुण पुन्हा चढले. ती आता एक स्वरही इकडचा तिकडे करत नसे. कुठल्याशा इमारतीच्या लिफ्टमध्ये एक तरुण बाई रडत होती, तेव्हा तिने पोथीतली तिन्ही सांत्वनाची वाक्यं क्रमाने वाचली, आणि बाई रडतच राहिली. घरी ती कमी बोलायची. मुलगी शाळेतलं सांगायची तेव्हा नुसती मान हलवायची. नवरा आता उशीला टेकून बसू लागला होता, तो एकदा म्हणाला, "काही झालंय का?" ती म्हणाली, "काही नाही." निदान तेवढं वाक्य आपलं होतं.

आणि एका दुपारी, मॅडम शेजारी असतानाच, दिवा लागला. पडद्यावर तोच पत्ता उमटला.

"नमस्कार, मी आपल्याला कशा प्रकारे मदत करू शकते?"

"काही मदत नको हो," तोच आवाज म्हणाला. आज कापत नव्हता. "लिफ्ट चालू आहे. खालीच उभी आहे. मी मुद्दाम बटण दाबलंय. दुसरा नंबर माहीत नाही ना मला. तिकडं एक मुलगी होती, मागं मी अडकलो तेव्हा. मला फार रागावली. तिच्याशी बोलायचंय."

टकळीचा हात पोथीवर होता. मॅडमनी मान वर केली नाही. त्यांच्यापुढचा गुणांचा कागद कोरा होता.

"मी समजू शकते की आपण एका विशिष्ट कर्मचाऱ्याशी बोलू इच्छिता."

"हां, बरोबर. आहे का ती?"

पोथीत यालाही वाक्य होतं. "आमच्या धोरणानुसार, कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती दिली जाऊ शकत नाही."

"अरे देवा, पुन्हा यंत्र लागलं." म्हाताऱ्याने सुस्कारा टाकला. पण तो गेला नाही. "बरं, यंत्र तर यंत्र. निरोप तरी ठेवता येतो का? तिला म्हणावं, काका ठणठणीत आहेत. काकूही बऱ्या आहेत. पातेलं फेकलं नाही, मी घासून घासून थकलो, आता ते झाडाला पाणी घालायला घेतलंय. आणि म्हणावं, काकू म्हणते, एकदा घरी ये. माझ्यावर ओरडणारी आणखी एक आहे कोण, ते बघायचंय तिला."

टकळीने तोंड उघडलं. एका शब्दाचं काम होतं. काका, एवढं म्हटलं असतं तरी त्याला कळलं असतं, दोन अक्षरं. ती जिभेवर आली होती. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनीही तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर कदाचित बरं झालं असतं. त्या भ्यालेल्या होत्या. सही त्यांनीही कुठेतरी केली असणार.

"आपला निरोप संबंधित व्यक्तीपर्यंत पोहोचवला जाईल," टकळी म्हणाली.

"नक्की ना?"

"मी आपल्याला खात्री देऊ इच्छिते."

"बरं," म्हातारा म्हणाला. "तू तरी काय करणार म्हणा. तुला जेवढं भरलंय तेवढंच बोलणार." आणि लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज आला, पावलं दूर गेली.

"आपल्या संयमाचे कौतुक केले जाते," टकळीने रिकाम्या लिफ्टला सांगितलं, कारण ते वाक्य गाळलं तर गुण जातात.

मॅडमनी गुण लिहिले. पैकीच्या पैकी. मग त्यांनी कागद उलटा केला आणि त्यावर नुसता पंजा ठेवून बसल्या.

प्रत्येक फोननंतर पडद्यावर एक नोंद भरावी लागे. ग्राहकाची विनंती काय होती, त्यावर काय केलं गेलं. टकळीने पहिला रकाना भरला. दुसऱ्यापाशी तिची बोटं थांबली. "इथे काय लिहू?" तिने विचारलं.

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "लिहा," त्या हळूच म्हणाल्या, "संबंधित व्यक्तीला निरोप कळवण्यात आला."

टकळीने ते लिहिलं. खोटं नव्हतं ते, वरच्यांनाही त्यात काही सापडलं नसतं. शेजारी मोठीच्या टेबलावर कुणीतरी किंचाळत होतं आणि मोठी सावकाश, एका सुरात, आपण समजू शकतो असं सांगत होती. टकळीने खांद्यावरचा काळा भुगा झटकला. तिच्या पुढ्यातला दिवा पुन्हा लागला होता. तिने फोन उचलला.